प्रौढांची भातुकली

चाळिशी ओलांडलेला गृहस्थ कपाटातल्या चिमुकल्या आगगाड्या काढून पुसू लागला, किंवा नातवंडांची आजी झालेल्या बाईने बाहुलीचे कपडे शिवावयास घेतले, की घरची माणसे कौतुकापेक्षा संकोचानेच तिकडे पाहतात. खेळणे हे बालकांचे, आणि त्यात रमणारा प्रौढ हा अजून पुरता पोक्त झालेला नाही, असा समज आपल्या मनात दृढ होऊन बसला आहे. युरोपातील बाहुलीघरांचे जुने दप्तर उघडले म्हणजे मात्र हा समज टिकत नाही, कारण ही घरे प्रथम प्रौढांच्या दिवाणखान्यात अवतरली आणि मुलांच्या हाती पडली ती पुष्कळ उशिरा.

बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास असे एक चार मजली घर करविले. ते लेकीसाठी होते असे सांगतात. पण त्याची रवानगी झाली ती ड्यूकच्या म्युनिकमधील कलासंग्रहात, रत्ने आणि दुर्मीळ चिजा यांच्या पंक्तीला. १५९८ साली फिक्लर नावाच्या विद्वानाने त्या संग्रहाची तपशीलवार याद केली. मूळ घर पुढे नष्ट झाले, आणि आज त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः त्या यादीच्या आधारे. न्यूरेंबर्गच्या घरांचा रोख निराळा होता. तेथे आन्ना केफरलिन या बाईने १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना पाहावयास खुले केले, ते मुलींना संसाराची शिस्त कळावी म्हणून. हा हेतू स्तुत्य असला, तरी खेळाचा निखळ आनंद पाहावयाचा तर ॲम्स्टरडॅमलाच गेले पाहिजे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सातासमुद्रांपलीकडची संपत्ती ज्या नगरीच्या कालव्यांतून वाहत होती, त्या नगरीतील धनिक व्यापारी शिंपले, नाणी आणि परदेशची नवले कपाटांत मांडून ठेवीत, आणि त्यांच्या स्त्रिया तितक्याच तोलाची बाहुलीघरे उभारीत. त्यांपैकी ज्यांची घरे आज संग्रहालयांत सुरक्षित आहेत अशा तिघींचे नाव, योगायोगाने, पेट्रोनेलाच आहे. पेट्रोनेला द्युन्वा हिच्या घरात इंधनाच्या मातीचा, म्हणजे पीटचा, साठा करण्याची माळ्यावरची खोलीसुद्धा आहे; पेट्रोनेला दे ला कूर हिचे घर उट्रेख्तला आहे. परंतु या साऱ्यांची मुकुटमणी ठरते ती रेशमाचा व्यापारी योहानेस ब्रांट याची पत्नी पेट्रोनेला ओर्टमन. १६८६ पासून १७१० पर्यंत, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे, तिने आपल्या घराची घडण चालू ठेवली. बाहेरच्या कपाटावर कासवाच्या पाठीचे आणि कथलाचे जडावकाम. आत नऊ खोल्या. दिवाणखान्याच्या भिंतींवर निकोलास पीमाँ या चित्रकाराने रंगविलेली निसर्गदृश्ये. आणि चिनी मातीची भांडी तर खास मापे देऊन पूर्वेकडून करवून आणलेली. या सर्वांचा खर्च वीस ते तीस हजार गिल्डर झाला असा अंदाज आहे, आणि तेवढ्या रकमेत त्या काळी कालव्याकाठी खरेखुरे घर विकत घेता आले असते. याकोब आपेल याने १७१० साली या बाहुलीघराचे चित्र काढले. त्यात दिसणाऱ्या बाहुल्या आज बहुतेक नाहीशा झाल्या आहेत, पण घर राइक्सम्यूझियममध्ये उभे आहे. चोवीस वर्षे एखाद्या वस्तूला पूर्णत्व देत राहणे याला मी लहर म्हणणार नाही. ती एक साधना होती.

पुढच्या पिढीतील सारा रोटे हिने १७४३ मध्ये लिलावातून तीन जुनी बाहुलीकपाटे घेतली, आणि त्यांतून निवड करून दोन नवी घरे सिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की कोणता जिन्नस कोणाकडून घेतला व त्याला काय दाम पडले, याचे टिपण तिने निगुतीने ठेवले. संशोधकांना आज ते टिपण एखाद्या सरकारी दफ्तराइतके मोलाचे वाटते, आणि ते यथार्थ आहे. कारण रोजच्या वापरातली मूळ केरसुणी झिजून जाते, मूळ चादर फाटते, आणि बाहुलीघरातली तेवढी शाबूत राहते. तिकडे जर्मनीत आर्नश्टाटची ऑगस्टा डोरोटेया ही विधवा राणी तर सुमारे चारशे बाहुल्यांचे अख्खे गाव वसवून बसली, आणि त्यात दरबारही आहे आणि बाजारही.

हा ओघ विसाव्या शतकातही आटला नाही. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बांधलेल्या बाहुलीघराचा वास्तुशिल्पकार होता एडविन लट्येन्स, जो त्याच सुमारास नव्या दिल्लीत व्हाइसरॉयचा प्रासाद उभारीत होता. फुटाला एक इंच या प्रमाणात रचलेल्या या घरात पाण्याचे नळ वाहते आहेत, विजेचे दिवे आहेत, आणि ग्रंथालयासाठी तत्कालीन नामांकित लेखकांनी आपल्या हस्ताक्षरात चिमुकली पुस्तके लिहून दिली.

आपल्याकडेही अनेक घरांत आजीची पितळी भातुकली, किंवा सावंतवाडीची रंगीत लाकडी चूल-जाते-पाटा, फळीवर धूळ खात पडलेली असते, आणि तिचे जतन करणारे माणूस बहुधा पन्नाशीच्या पुढचेच असते. त्यांना माझी विनंती एवढीच, की संकोच सोडून ती भातुकली खुशाल मांडावी, आणि सारा रोटेप्रमाणे एका वहीत प्रत्येक भांड्याचे नाव, ते कोणी, कोठून व कोणत्या साली आणले, हे हयातीतच लिहून ठेवावे.