हलीमच्या देगेतली भाजी

हलीम म्हणजे गोश्त आणि गहू, एवढेच आम्ही समजत होतो. अबुल फजलच्या सोळाव्या शतकातील 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्याची यादी वाचली आणि तो समज गळून पडला. तिथल्या हलीममध्ये १० शेर गोश्त, गहू व चण्यांबरोबर सलगम, गाजर, पालक प्रत्येकी अर्धा शेर आहे. मिरचीचे मात्र नाव नाही. ती पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणली. आज मोहरमच्या खिचड्यात आम्ही मिरची हक्काने घालतो, पण कुणी भाजी घातली तर ''हे आपले नव्हे'' म्हणतो. पावसाळा सरला की बाजारात गाजर-पालक येऊ लागतो. भाजी पडली तर तेवढ्याच गोश्तात देग अख्ख्या गल्लीला पुरते. आपले काय नि परके काय, हे ठरवण्याआधी जुन्या देगेचे झाकण उघडून पाहावे.