शब्दांची मोजणी

शंभर शब्दांत कथा लिहा म्हणून आज स्पर्धा निघतात. कुणी तिला 'अलक' म्हणतं, म्हंजे अतिलघुकथा. विलायतेत १९८० च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी बरोब्बर शंभर शब्दांचा 'ड्रॅबल' रूढ केला. तो खेळ होता. आमच्या माणसाला शब्द मोजायला लावले ते पैशानं.

आमच्या केमवरून जाणारा लोहमार्ग १८५९ साली दिकसळहून बार्शी रोडपर्यंत, म्हंजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, सुरू झाला. त्याच रुळांवरून माणसं मुंबईला पोट भरायला गेली. मागनं तार गेली. तारेत शब्दाशब्दाला पैसा. 'बाप वारला, निघ.' कसा वारला, कुणाच्या बांधावर राबताना वारला, ते तारेत बसायचं नाही. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. न बसलेलं तसंच राहिलं.

छपाईची गतही तीच. १८५५ साली मुक्ता या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदया'त दोन हप्त्यांत आला. पण ते पत्र मिशनऱ्यांचं. स्वतःची जागा बाबासाहेबांनी केली : १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. तिथं जागा होती, लिहिणारे हात नव्हते. चोवीस रकाने एकट्यानं भरायची पाळी त्यांच्यावर आली. पुढं हात झाले, तर कागदाला पैसा नाही. मग सायक्लोस्टाइल आलं. एक स्टेन्सिल म्हंजे एक पान. पान संपलं की कथा संपली.

म्हणून आखूड लिहिण्याला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की कात्री कुठं लावायची? आमचं केम कुंकवाचं गाव. मी अशी कथा लिहितो :

'दिवसभर ती कुंकू चाळते. कोपरापर्यंत हात लाल. संध्याकाळी घासघासून धुते. विधवेनं लाल हातानं गावातनं कसं जायचं?'

यातलं 'संध्याकाळी' काढा, चालेल. 'विधवा' काढलं तर उरतो नुसता रंग. आमच्या कथेतनं जात, गाव, मजुरी हे शब्द असेच पहिल्यांदा छाटले जातात. म्हणे, सूचक ठेवा. सूचक कुणासाठी? ज्याला ठाऊक आहे त्याला सुचवावं लागत नाही, आणि ज्याला ठाऊक करून घ्यायचं नाही त्याला सूचना कळत नाही.

दोस्तहो, शब्द पन्नास ठेवा, वीस ठेवा. पण त्यात जातीचं नाव लिहा.