नौकाविहाराला निघताय? आधी बोटीचा तोल पाहा

नाताळ जवळ आला की मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची पावले पाण्याकडे वळू लागतात. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, कोयनेच्या जलाशयाकाठचे तापोळा, तारकर्लीची खाडी, नाहीतर गेटवेवरून घारापुरी किंवा मांडवा. मुले, आजी-आजोबा, मित्रमंडळी आणि हल्ली घरचा कुत्राही सोबत असतो. खाण्यापिण्याची तयारी आठवडाभर चालते. बोटीची चौकशी मात्र धक्क्यावर पोहोचल्यावर, तीही भाड्यापुरतीच होते. वास्तविक सहल सुखरूप होणार की नाही, हे बरेचसे बोटीत पाऊल टाकण्यापूर्वीच ठरलेले असते.

गेल्या काही वर्षांतील दुर्घटना पाहिल्या, तर त्यांतील साम्य लक्षात येते. केरळातील थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी पेरियार जलाशयात दुमजली पर्यटन बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावरील प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट बुडाली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले होती आणि अनेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती. या दोन्ही ठिकाणी ना वादळ होते ना उसळता समुद्र. पाणी संथ होते, आणि संथ पाण्यावरच माणूस निर्धास्त होतो.

तोलाचे गणित

बोट का उलटते, हे समजायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. वजन जितके खाली, तितकी बोट स्थिर. माणसे उभी राहिली किंवा वरच्या मजल्यावर गेली, की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि थोड्याशा कलण्यानेही बोट सावरेनाशी होते. त्यात सारे एका कडेला आले, तर ती बाजू खाली दबून पाणी आत येते. आत आलेले पाणीही त्याच बाजूला धावते आणि उरलेले काम पुरे करते. म्हणून छायाचित्रासाठी सर्वांनी नाळेवर किंवा एका कठड्याशी गोळा होण्याची हौस लहान बोटीत टाळलीच पाहिजे. पक्षी दिसला तर बसल्या जागेवरून पाहावा.

बोटीवर प्रवासी-क्षमता लिहिलेली असते. ती वाचावी, डोकी मोजावीत आणि मांडीवरचे मूलही मोजावे. आकडा जास्त भरला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. नावाडी 'काही होत नाही' म्हणेल. रोजच्या फेऱ्यांनी त्याची भीड चेपलेली असते. परंतु 'नको' म्हणण्याचा अधिकार प्रवाशालाही आहे आणि तो वापरताना संकोच करण्याचे कारण नाही.

जाकीट अंगावर हवे

अनेक बोटींत जाकिटे असतात, पण ती बाकाखाली किंवा छताला बांधलेली. बोट उलटायला काही सेकंद पुरतात. तेवढ्यात जाकीट शोधून, घालून, पट्टे आवळणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक जणांचे प्राण गेले. त्यानंतर गेटवेवरून जाणाऱ्या प्रवाशांसाठी जाकिटाची सक्ती करण्यात आली. उकडते, वास येतो, छायाचित्र बिघडते, या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही ते काठावरच घालावे.

मोठ्यांचे जाकीट मुलाला घालणे हा सर्वांत घातक प्रकार. पाण्यात पडताच मूल त्यातून खाली निसटते. जाकीट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहावे; ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे. लहानग्यांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेला बरा.

वारा आणि भरती

सकाळचा समुद्र आणि दुपारचा समुद्र यांत फरक असतो. जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारनंतर लाटा वाढतात. खाडीतून ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना हा वारा समोरून आला, तर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि लहान होडीची परीक्षा होते. मुलेबाळे असतील तर सकाळीच जाऊन दुपारपूर्वी परतणे सोयीचे. जलाशयावरही वाऱ्याचा भरवसा नाही. उजनी धरणात २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जण बुडाले.

भरतीची वेळ काढण्याची कोकणात चालत आलेली रीत आजही उपयोगी पडते: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप खाली जाते, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि ज्येष्ठांना चढ-उतार कठीण होते. पावसाळ्यात तर समुद्र टाळावाच. दर्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेले कोळी बांधवही नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच नव्या हंगामाला निघतात.

बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी मध्यभागी बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावी. मद्यपान करून पाण्यावर जाणाऱ्यांविषयी अधिक काय लिहावे!

कुत्रा सोबत असेल तर

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. तीत पाळीव प्राण्यांना नेण्याची सोय आहे. इतरत्र मात्र आधी विचारून घ्यावे. सर्व कुत्र्यांना उत्तम पोहता येते हा गैरसमज आहे. पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे लवकर दमतात. कुत्र्यांसाठीही जाकिटे मिळतात. पाठीवर मूठ असलेले घ्यावे, म्हणजे पाण्यातून उचलता येते. पहिल्यांदा काठाला बांधलेल्या स्थिर बोटीत त्याला थोडा वेळ बसवून पाहावे. साखळी हातात असावी, बोटीला बांधू नये. बोट उलटली तर तो तिच्याबरोबर ओढला जाईल. पिण्याचे पाणी घरून न्यावे, कारण खारे पाणी प्यायल्याने त्याला उलट्या होतात. आणि तो घाबरून अचानक पाण्यात पडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नये, सर्वांनी एका कडेला धावूही नये. बोट थांबवून, वळवून, एकाच माणसाने त्याला उचलावे.

बोट उलटलीच तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये. पाण्यावरचे अंतर फसवे असते. उलटी बोट तरंगत असेल तर तिला धरून राहावे, मुलांना मध्ये घ्यावे. समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि एरवी ११२ हा क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवावा; फोन मात्र जलरोधक पिशवीत, गळ्यात अडकवलेला असावा.