ज्या वगळलेलं गणित

मंडळी, लग्नाची तिथी बघायची म्हटलं की पिंपरी पेंढारात काय नि पुण्यात काय, आपण पंचांगच उघडतो. तिथी सूर्य-चंद्राच्या गतीवर ठरते आणि ती गती एकसारखी नसते. सूर्य कधी सरासरीच्या पुढे असतो, कधी मागे. हा फरक म्हणजे मंदफल. तो काढायचा तर ज्या हवी, आजच्या भाषेत साइन. म्हणजे कोष्टकं आली, मधल्या आकड्यांसाठी त्रैराशिक आलं.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त ही ज्याच काढून टाकली! आपण करून पाहू. सूर्याचं मंदोच्चापासूनचं अंतर, शून्य ते नव्वद अंशांत आणलेलं, नऊने भागा. आलेली संख्या वीसमधून वजा करा आणि बाकीला त्याच संख्येने गुणा. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करा. उरेल त्याने गुणाकाराला भागा. नव्वद अंशांना गुणाकार १०० येतो आणि मंदफल २ अंश १० कला ४५ विकला. तीस अंशांना ज्या बरोबर निम्मी, म्हणून उत्तरही निम्मं यावं. सूत्राचं उत्तर त्याहून सुमारे बारा विकलांनी जास्त येतं. बस्स, एवढंच!

मूळ युक्ती सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांची. आजच्या भाषेत हा दोन बहुपदींचा भागाकार. आपल्या हिशेबाने ५७ च्या जागी साडेसत्तावन्नच्या आसपासचा अपूर्णांक येतो, नऊच्या जागी पावणेनऊच्या. गणेशांनी सरळ पूर्णांक घेतले. सलग वक्राच्या हवं तेवढं जवळ जाणारी बहुपदी असतेच, हे जर्मनीत वायरश्ट्रासने सिद्ध केलं ते १८८५ मध्ये. गणेशांचा प्रश्न वेगळा होता: पंचांगाला किती जवळ पुरे? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ‘अंदाजे’ हा शब्द जरा हलका वाटतो. पण किती चूक चालेल हे जाणून केलेला अंदाज अज्ञान कसा म्हणायचा? याच गृहस्थांनी ‘लीलावती’वर टीका लिहिली, ज्या त्यांना येत नव्हती असं थोडंच आहे!

मात्र सोपेपणाचीही किंमत असते. सूत्र पाठ झालं, वेध घेणं मागे पडलं. ग्रहांचे मूळ आकडे शतकानुशतकं तेच राहिले आणि आकाश पुढे सरकलं. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांनी नव्या वेधांना धरून पंचांग काढलं, तेव्हा जुनं खरं की नवं, यावर महाराष्ट्रात वाद पेटला. त्यात ज्या वगळल्याचा दोष फारच थोडा होता.