लाखाचा पगार आणि सहा महिन्यांची सुट्टी : गुरुजींच्या पगाराचा इतिहास

(केशोरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

दिवसभर शेतात राबून इतके जण आलात, म्हणून थेट विषयावर येतो. पानठेल्यावर एक वाक्य आपण सगळेच ऐकतो : "मास्तरचं काय, सहा महिने सुट्टी अन् लाखाचा पगार!" हे वाक्य साफ खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या, कायम पदावरच्या जिल्हा परिषद शिक्षकाचा पगार चांगला असतो. प्रश्न एवढाच आहे की त्या एका माणसावरून आपण सगळ्या शिक्षकांचा हिशोब मांडतो.

थोडं मागे जाऊ. इंग्रजी अमदानीच्या आधी गावात पंतोजी असायचे. त्यांना ठरलेला पगार नव्हता. कुणी धान्य द्यायचं, कुणी सणावाराला काही द्यायचं. सरकारी शाळा आल्या आणि नगद पगार सुरू झाला, पण तो किती? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षकाला महिन्याला किमान १२ रुपये तरी द्या, मोठ्या गावात १५ किंवा २० द्या. किमान म्हणून १२ मागावे लागतात, यावरूनच तेव्हाच्या पगाराचा अंदाज येतो. त्याच निवेदनात आणखी एक सूचना होती, ती फार थोड्यांना ठाऊक असते. गावचे हिशोब तपासणं, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं शिक्षकाकडे दिली तर गावात त्याचा दर्जा वाढेल, असं फुल्यांचं म्हणणं होतं. ही सूचना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या भागाकडे या. केशोरी तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. १९३७-३८ मध्ये रविशंकर शुक्लांनी या प्रांतासाठी विद्यामंदिर योजना आणली. कल्पना अशी : शाळेला जमीन मिळवून द्यायची, तिचं उत्पन्न वर्षाला निदान २०० रुपये यावं, आणि त्यातून शिक्षकाचा पगार निघावा. शिक्षकाचा पगार महिना १५ रुपये आणि बांधिलकी वीस वर्षांची! बारा पंधरे एकशे ऐंशी. म्हणजे पाऊस बरा झाला तरच गुरुजींचा पगार पूर्ण. १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. पण शिक्षकाचं पोट पगाराखेरीज आणखी कशावर तरी चालतंच, ही समजूत काही गेली नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आमच्या घरी तीन एकर धान होतं म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे शेत नव्हतं, त्यांची दुकानाची उधारी सगळ्या गावाला माहीत असायची.

१९४८ मध्ये शाळा जनपद सभांकडे आल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे. खासगी शाळांची गोष्ट वेगळी. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, हे तिथे सर्रास चालायचं. संस्थाचालकाची मर्जी फिरली की नोकरी गेली. त्याला लगाम घालणारा सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये झाला, नियम १९८१ मध्ये आले. वेतन आयोगांनी पगार खरोखर वाढवले ते त्यानंतर. पानठेल्यावरचे गुरुजी या काळातले.

पण २००० साली याच राज्यात शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढे ते ६,००० झालं आणि २०२२ च्या अखेरपर्यंत तेवढंच राहिलं. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. ६,००० ला २६ दिवसांनी भागा, २३१ येतात. डी.एड. झालेला पोरगा पहिली ते चौथी शिकवतो, आणि तळ्याच्या पाळीवर माती टाकणाऱ्यापेक्षा त्याचा रोज कमी! मातीकामाला मी कमी लेखत नाही, फक्त आकडा सांगतो. २०२३ मध्ये मानधन १६,००० झालं. दरम्यान २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला, पण अनुदान आलं ते वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी, तेही उशिरा. तिथे वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवलेली माणसं आहेत. आणि १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली.

सुट्ट्यांचं बघू. रविवार सोडून वर्षाला ७६ पेक्षा जास्त सुट्ट्या नकोत असा दंडक आहे. ५२ रविवार मिळवले की १२८, म्हणजे सव्वाचार महिने. सहा नव्हेत, पण थोडेही नाहीत, हे कबूल करू. त्याची किंमत मात्र कुणी सांगत नाही. मोठी सुट्टी घेणाऱ्या शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांसारखी वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळत नाही. म्हणून निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रजेचे जे पैसे बाबूला मिळतात, ते गुरुजीला तसे मिळत नाहीत.

आणि कामं? फुल्यांची सूचना आठवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बाकी अशैक्षणिक कामांना मनाई केली. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदारयादीचं काम वर्षभर चालतं, त्यात खिचडीचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरणं आलंच. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बाहेर गेले की दुसऱ्यांकडे चारही वर्ग. फुल्यांना या कामांतून शिक्षकाची पत वाढायला हवी होती. इथे त्याच कामांमुळे "मास्तर शाळेत नसतोच" हा शेरा बसला.

मुख्यालयी राहण्याचा वादही तसाच. २०२२ मध्ये तो विधानसभेपर्यंत गेला. गुरुजी गावात राहत नाहीत ही तक्रार पुष्कळदा खरी असते, आणि त्यानं मुलांचं नुकसान होतं. पण घरभाडं किती मिळायचं? सुरुवातीच्या २९,२०० मूळ पगारावर २०१९ मधल्या ८ टक्के दरानं २,३३६ रुपये. खेड्यात तेवढ्यात घर मिळेलही, पण भाड्याची खोली शोधून बघा, मग बोलू. आपला हा भाग गडचिरोलीच्या सीमेचा, नक्षलग्रस्त म्हणून गणलेला. त्यासाठी २००२ मध्ये प्रोत्साहन भत्ता ठरला, मूळ पगाराच्या १५ टक्के. पण वर मर्यादा घातली महिना १,५०० रुपयांची.

तेव्हा एकाच गावात, एकच पुस्तक शिकवणारे, एकाच वयाचे चार शिक्षक असतील, तर त्यांचे पगार चार तऱ्हेचे असू शकतात. आता तुमचे प्रश्न घेऊ. विचारताना फक्त एवढं करा : ज्या गुरुजींबद्दल बोलताय त्यांची नेमणूक कोणत्या सालची आणि शाळा अनुदानित की विनाअनुदानित, ते आधी सांगा. हां, बोला भाऊ.