भातखाचरावरचा आरोप : ३७८ लाख टन की ४० लाख टन?

१/ पेणहून वडखळमार्गे धरमतरच्या खाडीकडे निघाले की श्रावणात रस्त्याच्या दोन्ही अंगांस पाण्यात उभी भातखाचरे दिसतात. रोह्याला कुंडलिकेच्या काठीही तेच दृश्य. याच भातावर १९९० च्या सुमारास एक गंभीर आरोप झाला होता : भारताची भातशेती पृथ्वी तापवते. त्या आरोपाची आणि त्याच्या तपासणीची ही कथा.

२/ आधी आरोपीची ओळख. १७७६ मध्ये इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून अलेस्सांद्रो व्होल्टाने बुडबुड्यांतला ज्वालाग्राही वायू गोळा केला. तोच मिथेन. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही, तेथे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून तो तयार करतात. भातखाचर हे याच अर्थाने माणसाने बांधलेली दलदल आहे.

३/ अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेती वर्षाला सुमारे ३७८ लाख टन मिथेन सोडत होती. हा आकडा येथील शेतांत मोजलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतील शेतांवरची मोजमापे भारताच्या भातक्षेत्राला लावून तो काढला होता.

४/ काळही नाजूक होता. हवामान कराराच्या वाटाघाटी सुरू होत होत्या; १९९२ मध्ये रिओ येथे तो करार सह्यांसाठी खुला झाला. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी प्रश्न विचारला : गरिबाच्या पोटासाठीचे उत्सर्जन आणि श्रीमंताच्या चैनीचे उत्सर्जन एकाच तराजूत कसे तोलणार?

५/ नैतिक प्रश्नाला मोजणीची जोड हवी होती. ती १९९१ च्या मोहिमेने दिली. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशभरच्या भातशेतांत रोपांवर बंदिस्त पेट्या ठेवून आतला वायू तपासण्यात आला. निष्कर्ष निघाला सुमारे ४० लाख टन. म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ एक नवमांश!

६/ एवढी तफावत का? आपल्याकडील पुष्कळ शेतांत पाणी हंगामभर साचून राहत नाही. अधूनमधून माती उघडी पडते, हवा शिरते, मिथेन घटतो. शिवाय अनेक ठिकाणी मातीत सेंद्रिय कर्ब कमी असतो. मात्र जेथे पावसाचे पाणी सतत तुंबते, तेथे मिथेन अधिक निघतो. भात पूर्ण निर्दोष नव्हता. आरोप अवाजवी होता.

७/ पेणच्या खारपट्ट्यात आणखी एक गुंतागुंत आहे. बांध घालून, उघाड्या बसवून शेतकऱ्यांनी समुद्राकडून ही जमीन मिळवली. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते, आणि ते वापरणारे सूक्ष्मजीव मिथेन बनवणाऱ्यांना मागे सारतात. साहजिकच खारी माती आणि गोडी माती यांना एकच गुणक लावता येत नाही. एका तालुक्यात जे चालत नाही, ते खंडाखंडांत कसे चालावे?

८/ आता वाढ पाहू. सरकारी नोंदींनुसार देशाचे एकूण मिथेन उत्सर्जन १९९४ मध्ये सुमारे १८१ लाख टन होते. २००७ मध्ये ते सुमारे २०६ लाख टन झाले. भाताचा आकडा मात्र सुमारे ४१ लाखांवरून ३३ लाखांवर आला. दोन्ही वेळचे गुणक एकच नव्हते, म्हणून सारी घट प्रत्यक्ष शेतात झाली असे म्हणता येत नाही. पण एकूण वाढीचे खापर भातावर फोडता येत नाही, हे निश्चित. सर्वांत मोठा वाटा रवंथ करणाऱ्या जनावरांचा होता.

९/ म्हणून दोन देशांच्या उत्सर्जनवाढीची तुलना वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मूळ आकडा किती होता? तो कुठे मोजला? आणि तो वायू कुणाच्या ताटासाठी निघाला? १९९१ मध्ये कुणीतरी चिखलात उतरून मोजले, म्हणून पेणच्या पोह्यांमागचा शेतकरी न केलेल्या अपराधाच्या ओझ्यातून सुटला.