गुप्तशस्त्राची निवड : प्रतापगडच्या भेटींतील बिचवा, वाघनख व कृपाण

शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, म्हणजे ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट होऊन खान मारला गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या प्रसंगाचें राजकारण, खानाच्या स्वारीचा मार्ग, जावळीच्या रानांतील फौजेची मांडणी ह्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु महाराजांनीं त्या भेटीस जातांना अंगावर कोणतें शस्त्र घेतलें व तेंच कां घेतलें, ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा ‘वाघनख’ ह्या एका शब्दांत देऊन लेखक मोकळे होतात. हें उत्तर साधनांशीं कितपत जुळतें तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अंगावर लपवून शस्त्र नेणें हा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत, अंतःपुरांत राजानें कसें सावध असावें हें सांगतांना, वेणींत शस्त्र लपवून राणीनें विदूरथास मारल्याचा दाखला दिला आहे. तोच दाखला वराहमिहिरानें बृहत्संहितेंत व बाणानें हर्षचरितांत घेतला आहे. तीन निरनिराळ्या काळांतील तीन ग्रंथकारांस तो आठवावा, यावरून ही कथा राजनीतीच्या अभ्यासकांत पाठ्यासारखी चालत आली होती असें दिसतें. अमरसिंहानेंही सुरीला ‘असिपुत्री’ व ‘असिधेनुका’ अशीं नांवें दिलीं आहेत. तरवारीची ही लेक आईपेक्षां लहान खरी, पण जेथें आईला प्रवेश नाहीं तेथें ती सहज जाते. शाळेंत अमरकोश घोकतांना मुलांना ह्या नांवाचें हसूं येई. त्यांतील मर्म मात्र विदूरथाच्या कथेशीं लावून पाहिलें म्हणजे उमगतें.

आजच्या काळीं एखाद्यावर असा प्रसंग येता तर त्याची नजर प्रथम खिशांत मावेल अशा पिस्तुलाकडे गेली असती. मग १६५९ त महाराजांपुढें हा पर्याय होता काय? बंदुका तर त्या वेळीं दक्षिणेंत विपुल होत्या. याचें उत्तर चापाच्या रचनेंत आहे. त्या बंदुका तोड्याच्या. जामगी पेटलेली असल्याखेरीज कानावरील रंजक पेटावयाची नाहीं, आणि जळती जामगी अंगरख्यांत लपवितां येत नाहीं. तिचा धूर व वास आधींच चहाडी करणार. म्हणून तोड्याचें हत्यार कितीही आंखूड केलें तरी तें गुप्तशस्त्र होऊं शकत नाहीं.

युरोपांत ही अडचण सोळाव्या शतकाच्या आरंभीं सुटली. किल्लीनें चाक ताणून ठेवावयाचें, कळ दाबतांच तें गारगोटीसारख्या खनिजावर घासून ठिणगी पडावयाची, असा चक्री चाप तेथें निघाला आणि भरलेलें पिस्तूल झग्याखालीं घेऊन हिंडणें प्रथमच शक्य झालें. त्याचा परिणाम काय झाला तें कायद्यांवरून कळतें. इंग्लंडांत १५४१ च्या कायद्यानें एक यार्डाहून आंखूड हातबंदुकीस मनाई झाली, आणि १६१३ त पहिल्या जेम्स राजाला खिशांतील पिस्तुलांविरुद्ध निराळा जाहीरनामा काढावा लागला. ह्या भीतीस आधार होता. १५८४ च्या जुलैंत डेल्फ्ट येथें ऑरेंजचा विल्यम बाल्थाझार जेरार ह्याच्या पिस्तुलास बळी पडला. त्या गोळ्यांच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या भिंतींतील खुणा तेथील वाड्यांत जतन केल्या आहेत. पण हा चाप महाग, नाजूक व घड्याळजीच्या हातचा. हिंदुस्थानांत तो रुजला नाहीं. येथें तोड्याची बंदूकच एकोणिसाव्या शतकापर्यंत नांदली. शिवाय पिस्तुलाचा बार एकच. तो चुकला किंवा रंजक फुसका गेला तर हातांत उरतें तें एक लोखंडाचें दांडकें. पुढें दोनशें वर्षांनीं, १४ एप्रिल १८६५ रोजीं, अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन ह्यास ज्या टिचभर डेरिंजर पिस्तुलानें मारलें तेंही एकबारी होतें. म्हणून मारेकरी बूथ ह्यानें सोबत सुरा ठेविला होता, व मेजर रॅथबोन अंगावर येतांच त्यास तो वापरावाच लागला.

तेव्हां निवड पात्याच्या शस्त्रांतूनच होणार होती. येथें भेटीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. ही भेट आलिंगनाची होती. आलिंगनांत तरवार उपसावयास जागा नसते. म्यानांतून निघण्यासच तिला दीड हात मोकळीक लागते. जें शस्त्र घ्यावयाचें तें पोशाखाखालून दिसूं नये, एका हातानें चालावें, वितभर अंतरांत घाव घालावें आणि झटापटींत हातांतून हिसकलें जाऊं नये. खानाजवळचें शस्त्र सभासद जमदाड सांगतो. जमदाडीची मूठ आडवी असून ती ठोशासारखी भोसकावयाची असते, म्हणजे तीही जवळूनच मारावयाची. दोन्ही पक्षांनीं अंतराचा हिशेब एकच केला होता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

बिचव्याचें पातें दुधारी, अरुंद व दुहेरी बांकाचें असतें. त्याची मूठ म्हणजे बहुधा लोखंडाची चपटी कडी. तिच्यांत बोटें अडकलीं म्हणजे कोणी मनगट पिरगळलें तरी शस्त्र गळून पडत नाहीं. मूठ चपटी व पातें हलकें असल्यामुळें तें अस्तनींत कोपराच्या रोखानें सरळ बसतें. वाघनखाची तऱ्हा निराळी. एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांस तर्जनी व करंगळी यांकरितां वळीं, आणि तळहाताच्या बाजूस चार-पांच बांकदार नख्या. मूठ मिटली असतां बाहेरून दिसतात तीं दोन आंगठ्यांसारखीं वळीं. लपविण्याच्या गुणांत ह्याची बरोबरी दुसऱ्या कशास येणार नाहीं. परंतु घाव? नखी जितकी लांब तितकीच ती आंत जाणार. अंगांत चिलखत असेल तर ती निरुपयोगी, आणि नुसता झगा असला तरी ती फाडते, ओढते, धरून ठेवते. लांब पात्याप्रमाणें आंत शिरत नाहीं.

आतां साधनांकडे वळूं. जेधे शकावली प्रसंगाच्या तिथीपुरती उपयोगी आहे. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन ह्याचें १० डिसेंबर १६५९ चें पत्र घटनेनंतर अवघ्या महिन्यानें लिहिलेलें. शस्त्राच्या बाबतींत त्याचा आधार घेतां येत नसला, तरी विजापूरच्या राणीनेंच खानास मैत्रीचें सोंग करण्याचा सल्ला दिल्याचें त्यांत आहे, आणि तें पुढील विवेचनास उपयोगी आहे.

कवींद्र परमानंदाचें शिवभारत महाराजांच्या हयातींतील. १९२७ त दिवेकरांनीं तें प्रसिद्ध केल्यापासून ह्या प्रकरणाची चर्चाच बदलली. त्यांत वाघनखाचा उल्लेख नाहीं. खान मान पकडून कुशींत शस्त्र मारतो, महाराज अंग चोरून तो वार चुकवितात व कृपाण त्याच्या पोटांत घालतात. कित्येकांनीं येथें ‘कृपाण’ म्हणजे बिचवाच असा अर्थ करून मेळ घालण्याचा यत्न केला आहे. मला तो सरळ वाटत नाहीं. अमरकोशांत कृपाण हा शब्द खड्गाच्या पर्यायांत आहे, सुरीच्या नव्हे. लहान शस्त्रास कृपाणिका असें निराळें रूप संस्कृतांत आहे. परमानंदासारख्या व्युत्पन्न कवीस तो भेद ठाऊक नव्हता असें म्हणवत नाहीं. पण त्याबरोबरच हेंही खरें कीं, तो महाकाव्य लिहीत होता. नायकाच्या हातीं खड्ग द्यावें, अस्तनींतील सुरी व बोटांतील नख्या देऊं नयेत, ही काव्याची रूढि आहे. म्हणून शिवभारतांतील मौन वाघनखाच्या विरुद्ध निर्णायक मानतां येत नाहीं. तें केवळ संशयास जागा करतें.

कृष्णाजी अनंत सभासद गद्य लिहिणारा, दरबारांत वावरलेला. त्याला अलंकाराची ओढ नाहीं. मात्र त्याची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेनें जिंजीस झाली, म्हणजे प्रसंगास पस्तीसाहून अधिक वर्षें लोटल्यावर. तो पोशाखाचें वर्णन बारकाईनें करतो, आणि हातांत बिचवा व वाघनख चढविल्याचें स्पष्ट सांगतो. खानानें मुंडी कवटाळून जमदाड चालविली, ती अंगावर न लागतां वरच थटली. मग डाव्या हातचें वाघनख खानाच्या पोटांत, व त्यामागून उजव्या हातचा बिचवा, असा त्याचा क्रम आहे. खानाच्या अंगांत नुसता झगा होता, हें सांगावयास तो विसरत नाहीं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. वाघनख कां चाललें ह्याचें कारण त्यांत आहे, आणि असें कारण रचून सांगणाऱ्यास सहसा सुचत नाहीं. अज्ञानदासाच्या पोवाड्यांतही बिचवा व वाघनख हीं दोन्हीं आहेत.

खाफीखान पुष्कळ उशिराचा आणि उघड वैरभावाचा लेखक. त्याच्या म्हणण्याप्रमाणें महाराजांनीं बिचवा नांवाचें दक्षिणी शस्त्र अस्तनीखालीं बोटांवर चढविलें होतें. बोटांवर चढतें तें वाघनख, बिचवा नव्हे; तेव्हां त्यानें दोन शस्त्रांची सरमिसळ केली असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण जुन्या शस्त्रसंग्रहांत वाघनखाच्या पट्टीसच बिचव्याचें पातें जडविलेले जोडप्रकार आढळतात. खाफीखानाच्या कानीं आलेली हकीकत तशा जोडशस्त्राची असणें अशक्य नाहीं. सभासदाच्या दोन हातांतील दोन शस्त्रांशीं मात्र ती जुळत नाहीं, आणि येथें मी सभासदास अधिक मान देतों.

ही चार वर्णनें शेजारी ठेविलीं म्हणजे एक गोष्ट निघते. चौघांतही लांब किंवा आंखूड असें पातें आहे : परमानंदाचें कृपाण, सभासदाचा, पोवाड्याचा व खाफीखानाचा बिचवा. वाघनख नांवानें दोघांत आहे, आणि जेथें आहे तेथें तें बिचव्याच्या जोडीनें आहे. केवळ वाघनखानें खान मारला असें ह्यांतील कोणीच म्हणत नाहीं. डाव्या हातानें धरून ठेवावें व उजव्यानें संपवावें, अशी ही योजना दिसते. आणि वर सांगितलेल्या दोन्ही शस्त्रांच्या गुणदोषांशीं ती तंतोतंत जुळते.

ग्रँट डफनेंही १८२६ त छापलेल्या इतिहासांत दोन्ही शस्त्रें दिलीं आहेत, परंतु पहिला वार महाराजांचा ठरवून वाघनखास विश्वासघाताचें हत्यार म्हटलें आहे. लपविलेलें शस्त्र म्हणजे कपट, असा हा न्याय. तो लावावयाचा तर अंगरख्याखालील चिलखताचें काय करावयाचें? केवळ मारावयास जाणारा मनुष्य हालचालीस जड होणारें चिलखत कशास चढवील? तें आपल्यावर वार होईल ह्या अपेक्षेनें घातलेलें आहे, आणि ती अपेक्षा निराधार नव्हती हें रेव्हिंग्टनच्या पत्रावरून दिसतें. परमानंद व सभासद दोघेही पहिला वार खानाचा सांगतात. ते पक्षाचे लेखक खरे. पण परस्परांपासून शस्त्राच्या बाबतींत इतके भिन्न असतां ह्या मुद्द्यावर एक आहेत, ह्याला कांहीं किंमत दिली पाहिजे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनख २०२४ च्या जुलैंत साताऱ्याच्या संग्रहालयांत प्रदर्शनास आलें, तेव्हां पुष्कळ वाद झाला. त्याबरोबरच्या पेटीवरील लेखाचा आशय असा कीं, शिवाजीनें ज्यानें मोगल सेनापतीस मारलें तें हें वाघनख, पेशव्याच्या प्रधानानें ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां त्यास दिलें. हें तेंच शस्त्र होय असें पडताळून सांगतां येत नाहीं, अशी संग्रहालयाचीही भूमिका आहे. माझें लक्ष त्या लेखांतील ‘मोगल’ ह्या शब्दाकडे जातें. अफझलखान आदिलशाही सरदार. आणि हें ग्रँट डफला पक्कें ठाऊक होतें, कारण त्यानें स्वतःच तसें लिहिलें आहे. मग तो मजकूर त्याचा कसा असेल? मागाहून घरांतील कोणी ऐकीव माहितीवर लिहविला असावा असें अनुमान होतें. डफला साताऱ्यांत कोणी वाघनख दिलें एवढेंच त्यावरून फार तर म्हणतां येईल. सतराव्या शतकांतील साधनांत नसलेली गोष्ट, म्हणजे एकट्या वाघनखानें झालेला वध, ही त्या पेटीवर आहे. संग्राहकांनीं अशा चिठ्ठ्या शस्त्राइतक्याच जपून ठेवाव्या, पण शस्त्राचा पुरावा म्हणून वाचूं नयेत.

राहतां राहिला प्रश्न सभासदाच्या पाठाचा. वाघनख डाव्या पंजास व बिचवा उजव्या हातीं हा क्रम मीं वर छापील पाठावरून दिला आहे. पुढील बखरकारांनीं सभासदाचाच मजकूर वाढविला असल्यामुळें त्यांचा ह्या कामीं उपयोग नाहीं. उपयोग आहे तो सभासदाच्या जुन्या हस्तलिखितांचा. ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांनीं अफझल प्रकरणांतील हीं आठदहा वाक्यें पडताळून, ‘डावा’ व ‘उजवा’ ह्या शब्दांचे पाठभेद, पोथीचा शक व लेखकाचें नांव असल्यास त्यासह, उतरून पाठवावे. मोडी प्रतींत हीं दोन वाक्यें एकापाठोपाठ येत असल्यानें नकलनविसाच्या हातून येथें ओळ गळणें अगदीं सोपें आहे.